फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचा जुना सीसीडी कॅमेरा बदलायचाय, डीलर २० मेगापिक्सेलचा रंगीत सीमॉस देतोय, घ्यावा का?

संत्रापान

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करून राहिली आहे, विषय संत्र्याचा ग्रीनिंग रोग, तोच जो सायला किडीमुळे बागेत पसरतो, पानांवर हिरवेपिवळे चट्टे येतात आणि झाड हळूहळू खंगत जातं. काटोल-कळमेश्वरकडच्या बागांतून पानं आणते, देठाचे आणि मधल्या शिरेचे पातळ आडवे छेद घेऊन अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवते. रोगी पानात फ्लोएमच्या, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या, नळ्यांमध्ये कॅलोज नावाचा पदार्थ साचतो आणि यूव्हीखाली तो निळसर-हिरवा चमकतो. मला तो किती साचलाय हे आकड्यात मोजायचंय, नुसता छान फोटो नकोय. पुढे क्लोरोफिलचं स्वतःचं फ्लुरोसन्सही मोजायचा विचार आहे.

आत्ता जो कॅमेरा आहे तो जुना सीसीडी (सीसीडी आणि सीमॉस हे सेन्सरचे दोन प्रकार), सोनीचा आयसीएक्स२८५ सेन्सर, १३९२ बाय १०४०, पिक्सेल ६.४५ मायक्रॉन, १२ बिट. चालतो अजून, पण तो फायरवायरवर आहे आणि त्याच्यासाठी एक म्हातारा कॉम्प्युटर जिवंत ठेवावा लागतो, तो गेला की कॅमेरापण गेला समजा. डिपार्टमेंटला अडीच लाख मंजूर झालेत आणि मार्चच्या आत सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून खरेदी व्हायला हवी. डीलर २० मेगापिक्सेलचा रंगीत सीमॉस कॅमेरा सुचवतोय, म्हणतो तुमच्या जुन्यापेक्षा चौदापट रिझोल्यूशन मिळेल. आमच्या गाईड मॅडमचं म्हणणं की सीमॉस म्हणजे मोबाईलमधला, मोजमापाच्या कामाला सीसीडीच पाहिजे, आणि कूलिंग तर हवंच कारण मे महिन्यात आमची लॅब तापते ती विचारू नका. एका सेमिनारला कोणीतरी ईएमसीसीडी, म्हणजे अगदी मंद प्रकाशासाठीचा सीसीडी, घ्या म्हणाले, त्याची किंमत ऐकून गप्प बसले. ४० एक्सचं ०.७५ एनएचं (एनए म्हणजे लेन्सची प्रकाश गोळा करायची क्षमता) ऑब्जेक्टिव्ह वापरते, एक्स्पोजर साधारण अर्धा सेकंद, जास्त दिला तर रंग फिका पडत जातो. नेमकं काय बघून कॅमेरा निवडायचा ते कोणी नीट सांगेल का, मला स्पेसिफिकेशन स्वतः लिहायचंय.

फोटॉन_मोजणी

ताई, प्रश्न फार नीट मांडलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी मायक्रोस्कोपीच्या सेंट्रल फॅसिलिटीत काम करतो, दर वर्षी अशी खरेदी बघतो आणि दर वर्षी लोक मेगापिक्सेलवरून कॅमेरा घेतात, त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पैशात त्यांचं काम होऊ शकलं असतं.

आधी मेगापिक्सेल निकालात काढू. तुमच्या ऑब्जेक्टिव्हला दिसू शकणारी सगळ्यात बारीक गोष्ट म्हणजे ०.६१ गुणिले वेव्हलेंग्थ भागिले एनए. ५०० नॅनोमीटर धरा, ०.७५ ने भागा, साधारण ४०७ नॅनोमीटर येतात. ४० पट मोठं होऊन ते सेन्सरवर १६ मायक्रॉनचं होतं. त्याच्या अर्ध्या आकाराचा पिक्सेल असला की झालं, म्हणजे ८ मायक्रॉन. तुमचा जुना ६.४५ वाला आधीच पुरेसा बारीक आहे. २० मेगापिक्सेलच्या एक इंची सेन्सरमध्ये पिक्सेल सहसा २.४ मायक्रॉनचा असतो, म्हणजे एकाच्या कामाला अकरा-बारा पिक्सेल लागले, नवीन तपशील शून्य, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला प्रकाश जुन्याच्या सातव्या हिश्शाएवढा. आता कोणी म्हणेल की मग ३ बाय ३ बिनिंग करा, म्हणजे नऊ पिक्सेल मिळून एक धरा. सीसीडीत बिनिंग चिपवरच होतं, सगळा चार्ज एकत्र करून मग एकदाच वाचतात, त्यामुळे वाचण्याचा नॉइज, म्हणजे मोजलेल्या आकड्यातली अनियमित चूक, एकदाच लागतो. बहुतेक सीमॉसमध्ये नऊ पिक्सेल नऊ वेळा वाचून नंतर बेरीज होते, नॉइज तिप्पट होतो. पिक्सेलमागे नॉइज २ इलेक्ट्रॉन (प्रकाश पडून सेन्सरमध्ये सुटणारे, तेच मोजणीचं एकक) असला तर ६ झाला, म्हणजे फिरून जुन्या सीसीडीपाशीच आलात.

मॅडमच्या मुद्द्याला एकेकाळी पूर्ण आधार होता. सीसीडी १९६९ ला बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी काढला, २००९ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल त्यालाच मिळालं, आणि पुढची कितीतरी वर्षं मोजमापाचं काम म्हणजे सीसीडीच होतं कारण सुरुवातीच्या सीमॉसमध्ये नॉइज खूप आणि प्रत्येक पिक्सेलचा स्वभाव वेगळा. मग नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पिक्सेलमध्येच अ‍ॅम्प्लिफायर बसवायची पद्धत पक्की केली आणि तेरानिशी यांनी १९८० मध्येच जपानच्या एनईसी कंपनीत शोधलेला पिन्ड फोटोडायोड (प्रकाश टिपणारा कमी नॉइजचा भाग) त्याला जोडला गेला, तिथून चित्र बदललं. कारण समजून घ्या, ते महत्त्वाचं आहे. सीसीडीत सगळे दहा-पंधरा लाख पिक्सेल रांगेने एकाच अ‍ॅम्प्लिफायरपाशी येतात, त्याला घाईने वाचावं लागतं, आणि घाईने वाचलं की नॉइज वाढतो. सीमॉसमध्ये प्रत्येक कॉलमला स्वतःचा कन्व्हर्टर, हजारो एकदम काम करतात, त्यामुळे प्रत्येकाला निवांत वाचता येतं. २००९ ला सायंटिफिक सीमॉस म्हणून जे कॅमेरे जाहीर झाले त्यांचा रीड नॉइज, म्हणजे वाचण्याचा नॉइज, एक-दोन इलेक्ट्रॉनवर आला होता. २०१५ मध्ये सोनीने सीसीडी बनवणं बंद करणार असं सांगितलं, तेव्हा तुमच्यासारखा नवीन कॅमेरा आता कोणाला मागूनही मिळायचा नाही. सीमॉस घ्या, त्यात वैज्ञानिक म्हणून कमीपणा अजिबात नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा निवडायच्या आधी तुमच्या कॅलोजमधून एका पिक्सेलला किती इलेक्ट्रॉन मिळतात ते माहीत पाहिजे. प्रकाशाचा स्वतःचा नॉइज असतो, त्याला शॉट नॉइज म्हणतात, तो संख्येच्या वर्गमुळाएवढा, कुठलाही कॅमेरा तो घालवू शकत नाही. १०,००० इलेक्ट्रॉन आले तर हा नॉइज १००, तिथे कॅमेऱ्याचे ६ असोत की दीड, काहीच फरक नाही. १०० आले तर ६ वाल्याचं सिग्नल-टू-नॉइज ८.६ आणि दीड वाल्याचं ९.९, म्हणजे थोडा फरक. १० आले तर १.५ विरुद्ध २.९, सरळ दुप्पट. म्हणजे महागडा कॅमेरा फक्त अगदी मंद प्रकाशात कामाचा, बाकी ठिकाणी ते कोळशाच्या वखारीत सोनाराचा काटा नेण्यासारखं आहे.

ईएमसीसीडीचंही यातच उत्तर आहे. तो चार्ज वाढवून वाचतो म्हणून रीड नॉइज जवळपास गायब होतो, पण वाढवण्याची क्रियाच अनिश्चित असल्यामुळे शॉट नॉइज वर्गमूळ २ पट होतो. हिशोब केला तर दीड इलेक्ट्रॉनच्या सीमॉसपुढे ईएमसीसीडी फक्त तेव्हाच जिंकतो जेव्हा पिक्सेलमागे दोन-सव्वादोनपेक्षा कमी फोटॉन येतात. एकेक रेणू बघणाऱ्यांचं ते काम. कॅलोजला नको.

तर आधी तुमचा जुना कॅमेरा मोजा. स्लाइड न ठेवता हॅलोजनच्या साध्या उजेडात फोकस थोडा हलवून एकसारखा उजेड करा, त्याच एक्स्पोजरला पाठोपाठ दोन फोटो घ्या. मधला १०० बाय १०० चा तुकडा घ्या, दोन फोटोंची वजाबाकी करा, तिचा व्हेरिअन्स काढून अर्धा करा. सरासरीतून बायस (प्रकाश नसतानाही कॅमेरा दाखवतो तो मूळ आकडा) वजा करून तिला या व्हेरिअन्सने भागलं की एका ग्रे लेव्हलला किती इलेक्ट्रॉन ते मिळतं. मग झाकण लावून सगळ्यात कमी एक्स्पोजरचे दोन फोटो, त्यांच्या वजाबाकीचं स्टँडर्ड डेव्हिएशन वर्गमूळ २ ने भागा आणि त्या आकड्याने गुणा, तो तुमचा रीड नॉइज. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये सगळं होतं, फुकट आहे. आकडे इथे टाका.

रामदासपेठ_फोटो

एक सुचवू का, चांगला सेकंडहँड डीएसएलआर अ‍ॅडॅप्टरने लावला तर? १४ बिट रॉ मिळतं, सेन्सर मोठा, आणि बजेटच्या पावपट पैशात काम होईल. मी माझ्या मित्राच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लावून दिलाय, रंगवलेल्या स्लाइड्सचे फोटो एकदम मस्त येतात.

फोटॉन_मोजणी

रंगवलेल्या स्लाइडला, म्हणजे खालून भरपूर उजेड असतो तिथे, डीएसएलआर खरंच उत्तम. इथे दोन अडचणी आहेत. एक तर प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा नाहीतर निळा फिल्टर, कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ ला पेटंट घेतलेला नमुना. फ्लुरोसन्समध्ये रंग तर मायक्रोस्कोपच्या फिल्टर क्यूबने आधीच निवडलेला असतो, मग सेन्सरवर परत फिल्टर म्हणजे आलेला प्रकाश फेकून देणं. दुसरी अडचण ताईंसाठी जास्त मोठी. क्लोरोफिल ६८५ आणि ७३५ नॅनोमीटरच्या आसपास चमकतं, आणि डीएसएलआरच काय, बहुतेक रंगीत मायक्रोस्कोप कॅमेऱ्यांतसुद्धा सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते जी साधारण ६५० नंतर प्रकाश कापायला लागते. म्हणजे त्यांचं पुढचं कामच त्या काचेत अडकेल. डीलरच्या त्या रंगीत कॅमेऱ्यातही ही काच आहे का ते विचारून घ्या ताई.

संत्रापान

दादा खूप खूप आभार, इतकं सविस्तर आम्हाला कोर्समध्येही कोणी सांगितलं नव्हतं. डीलरला विचारलं, काच आहे आणि काढता येत नाही.

तुम्ही सांगितलं तसं मोजलं. उजेडाच्या जोडीत बायस वजा करून सरासरी १५०० आली, वजाबाकीचा व्हेरिअन्स ७५०, अर्धा केला तर ३७५, म्हणजे एका लेव्हलला ४ इलेक्ट्रॉन. अंधाराच्या जोडीत डेव्हिएशन २.५ आलं, त्यावरून रीड नॉइज ७ इलेक्ट्रॉन. आता रोगी पानाच्या छेदात फ्लोएममधल्या कॅलोजच्या जागी बायसच्या वर ३० लेव्हल, आणि त्याच्या अगदी शेजारी जिथे कॅलोज नाही तिथे २२. म्हणजे एकूण १२० इलेक्ट्रॉन, त्यातले ८८ नुसती पार्श्वभूमी आणि माझ्या कामाचे फक्त ३२. हे बघून जरा धक्काच बसला. एवढी पार्श्वभूमी कुठून येते? क्यूब यूव्हीचा लाँगपास आहे, ४२० च्या वरचं सगळं जाऊ देतो.

फोटॉन_मोजणी

ताई, हे जे तुम्ही काढलंत ना, याने तुमचे पैसे वाचणार आहेत.

आत्ताचं गणित बघा. नॉइज म्हणजे १२० अधिक ७ चा वर्ग ४९, बेरीज १६९, वर्गमूळ १३. सिग्नल ३२, म्हणजे ३२ भागिले १३, साधारण २.५. आता रीड नॉइज दीड असलेला कॅमेरा लावला आणि बाकी काहीच बदललं नाही तर नॉइज ११, उत्तर २.९. एवढ्यासाठी अडीच लाख? नवीन सेन्सर मागच्या बाजूने प्रकाश घेणारा, म्हणजे बीएसआय असेल, तर ५०० नॅनोमीटरला जुना आलेल्या प्रकाशातला ६० टक्के आणि हा ८५ टक्के टिपतो असं धरू, म्हणजे प्रकाश १.४ पट. सिग्नल ४५, एकूण १७०, उत्तर साडेतीनच्या जवळ. बरं आहे, पण अजून खरं दुखणं तसंच आहे.

दुखणं आहे ते ८८. तुमचा क्यूब लाँगपास आहे आणि कॅमेरा मोनो, म्हणजे कृष्णधवल. डोळ्याने बघताना क्लोरोफिल लाल दिसतं, कॅलोज निळसर दिसतो, मेंदू आपोआप वेगळं करतो. मोनो कॅमेऱ्याला रंग कळत नाही, त्याच्यासाठी ६८५ चा फोटॉनही तेवढाच आणि ५०० चाही तेवढाच, आणि तुमच्या जुन्या सीसीडीपुढे इन्फ्रारेडची काच नसेल तर क्लोरोफिलचं सगळं लाल थेट आत येऊन राहिलं आहे. तेव्हा दोन गोष्टी करा. छेद रंगवायच्या आधी ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवून हिरवा रंग पूर्ण निघेपर्यंत धुवा, ज्या पानांवर क्लोरोफिल मोजायचंय त्यांचे छेद अर्थात वेगळे ठेवा. आणि लाँगपासच्या जागी कॅलोजच्या चमकेभोवतीचा बँडपास फिल्टर (ठरावीक पट्ट्यातलाच प्रकाश सोडणारा) बसवा, फक्त एमिशन फिल्टर बदलायचा, पूर्ण क्यूब नाही. झायलेमच्या भिंतींतल्या लिग्निनची निळी चमक थोडी राहीलच, ती यूव्हीत चमकतेच, तिचं काही करता येत नाही, पण बँड हिरव्याकडे थोडा सरकवला तर तीही कमी होते.

समजा यातून पार्श्वभूमी चौथा हिस्सा राहिली, ८८ ची २२. तर तुमच्या जुन्याच कॅमेऱ्यावर एकूण ५४, नॉइज १०, उत्तर ३.१ च्या पुढे. म्हणजे इथेनॉलच्या बाटलीने आणि एका फिल्टरने तुम्हाला महागड्या कमी-नॉइज कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिलं. आणि मग नवीन बीएसआय सेन्सर लावला तर सिग्नल ४५, पार्श्वभूमी ३१, नॉइज ९ च्या आत, उत्तर ५ च्या वर. आधीच्या दुप्पट. पार्श्वभूमी कमी केल्यावरच नवीन कॅमेऱ्याचा कमी नॉइज खऱ्या अर्थाने कामाला येतो, क्रम उलटा केला तर नाही.

तारांगण_नागपूर

कूलिंगवर मी बोलतो, मी आकाशाचे फोटो काढतो, पेंचला जात असतो, २०२४ च्या जानेवारीत पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं तेव्हापासून आमच्याकडे बरेच जण कूल्ड मोनो कॅमेरे घेऊन राहिलेत, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात या कॅमेऱ्यांचं काय होतं ते चांगलं पाहिलंय.

डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन, साधारण दर ६-७ डिग्रीला दुप्पट होतो. २५ ची लॅब ४५ ची झाली तर आठपट. ऐकायला भयंकर वाटतं, पण ताई तुमचा एक्स्पोजर अर्धा सेकंद आहे. चांगल्या नव्या सेन्सरचा डार्क करंट नेहमीच्या तापमानाला सेकंदाला एखादा इलेक्ट्रॉन किंवा त्याहूनही कमी, आठपट झाला तरी अर्ध्या सेकंदात चारेक इलेक्ट्रॉन, आणि तुमची पार्श्वभूमीच त्याहून कितीतरी जास्त आहे. आम्ही पाच-पाच मिनिटांचे एक्स्पोजर देतो म्हणून आम्हाला कूलिंगशिवाय चालत नाही. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणी केमिल्युमिनेसन्सचे ब्लॉट घेत असेल, मिनिटामिनिटांचे, तर त्यांनाही लागेल. तुम्हाला तापमान स्थिर राहणं महत्त्वाचं, थंड असणं तेवढं नाही.

तरी कूल्ड घेतलाच तर एक बघा. कंपनी लिहिते आसपासच्या तापमानापेक्षा ३५ डिग्री कमी. जानेवारीत लॅब २० ला असते तेव्हा उणे १५ मिळतं, मे महिन्यात एसी बंद असला आणि खोली ४० ला गेली की जेमतेम ५. मग उणे १० ला घेतलेले जानेवारीचे डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेले, नंतर वजा करायचे फोटो) मे महिन्यात काहीच कामाचे नाहीत. म्हणून सेट पॉइंट असा ठेवायचा की जो बाराही महिने गाठता येईल, आम्ही बरेच जण उन्हाळ्यासाठी ० किंवा ५ ठेवतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत सेन्सरपुढच्या काचेवर बाष्प धरतं, मध्यभागी धुरकट गोल दिसला की तेच समजा. सिलिका जेलची गोळी बदलायची सोय आहे का विचारा, आणि थंड करताना हळूहळू उतरवा.

सीसीडी एकदम संपला असंही नाही बरं का. चिलीमधल्या रुबिन वेधशाळेचा ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा १८९ सीसीडींचा आहे, २०२५ मध्ये त्याचे पहिले फोटो आले. आपल्या आदित्य एल-१ वरचा सूट दुर्बिणीचा कॅमेरापण सीसीडीच, ती दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने बनवलीय. रुबिनमध्ये सिलिकॉनची जाडी मुद्दाम १०० मायक्रॉन ठेवलीय कारण लाल आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश सिलिकॉनमध्ये खोलवर गेल्यावर शोषला जातो. निळा अर्ध्या मायक्रॉनमध्येच संपतो, ७०० नॅनोमीटरला पाचेक मायक्रॉन लागतात, ९०० ला तीसेक. साधा सीमॉसचा थर मोजक्याच मायक्रॉनचा, त्यामुळे क्लोरोफिलच्या ७३५ ला त्याची क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे आलेल्या प्रकाशातला किती टक्के टिपला जातो ते, ५०० पेक्षा बरीच पडते. क्लोरोफिल मुळात तेजस्वी असतं म्हणून तुमचं अडणार नाही, पण कोटेशनमध्ये एकच सर्वोच्च टक्केवारी लिहिलेली असते तिच्यावर जाऊ नका, पूर्ण ग्राफ मागा आणि ५०० व ७३५ ला बोट ठेवून बघा.

खरेदी_विभाग

मी एका संस्थेत स्टोअर-पर्चेस बघतो, सायन्सचं मला फार नाही कळत, पण जेमवर आणि टेंडरमध्ये काय होतं ते सांगतो. मॅडम, तुम्ही जे लिहाल त्यात बसणारं सगळ्यात स्वस्त तेच येणार. २० मेगापिक्सेल लिहिलं तर २० मेगापिक्सेलमधला सगळ्यात स्वस्त येईल आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. ब्रँडचं नाव लिहिलं तर आक्षेप येतो. म्हणून दादांनी सांगितलेले आकडे स्पेसिफिकेशनमध्ये घाला आणि प्रत्येक आकड्याला पुरावा मागा, म्हणजे कंपनीची छापील डेटाशीट. आणि डेमो ही अट घाला, तुमच्या मायक्रोस्कोपवर, तुमच्या स्लाइडवर, लॅबमध्ये. चांगल्या सप्लायरला डेमो द्यायला काहीच हरकत नसते. मार्चमध्ये गर्दी होते, डेमो फेब्रुवारीतच उरकून घ्या.

संत्रापान

सगळ्यांचे मनापासून आभार. इथेनॉलने धुतलेले छेद पाहिले, बँडपास अजून यायचाय, तरी पार्श्वभूमी २२ लेव्हलवरून ९ वर आली, कॅलोज तेवढाच आहे. गाईड मॅडमना स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं, त्यांनी लगेच फिल्टरची ऑर्डर द्यायला सांगितली, आणि सीमॉसला आता त्यांचीही ना नाही. दादा, स्पेसिफिकेशन कसं लिहू? आणि सॉफ्टवेअर कुठलं?

फोटॉन_मोजणी

वा, २२ वरून ९ म्हणजे अर्ध्याहून जास्त तिथेच गेली, बँडपासने अजून उतरेल.

स्पेसिफिकेशन असं लिहा. मोनोक्रोम सेन्सर, त्याच्यापुढे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसावा. पिक्सेल ३.४ ते ६.५ मायक्रॉनच्या मधे. रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन आरएमएसपेक्षा कमी, आणि तो मेडियन आहे की आरएमएस ते स्पष्ट लिहिलेलं असावं, कारण सीमॉसमध्ये थोडे पिक्सेल फार नॉइजी असतात आणि मेडियनमध्ये ते झाकले जातात. क्वांटम एफिशियन्सी ५०० नॅनोमीटरला ७० टक्क्यांच्या वर आणि ७३५ चा आकडा वेगळा द्यावा. १२ बिट किंवा जास्त, कॉम्प्रेशन न केलेला डेटा, गॅमा १ (म्हणजे आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात), ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद करता येणं. यूएसबी ३, सी-माउंट (कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडायचा नेहमीचा जोड). मोजमापाचा रिपोर्ट ईएमव्हीए १२८८ या स्टँडर्डनुसार मागा, त्यात गेन, रीड नॉइज, फुल वेल (एका पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त मावणारे इलेक्ट्रॉन) सगळं एकाच पद्धतीने मोजलेलं असतं, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना सरळ होते. हा रिपोर्ट फॅक्टरीत लावायच्या मशीन व्हिजन कॅमेऱ्यांना बहुधा असतोच, आणि खरं सांगायचं तर तुमच्या बजेटमध्ये ३.४५ मायक्रॉनचा मोनो मशीन व्हिजन कॅमेरा किंवा तारांगण भाऊ वापरतात तसा ३.७६ मायक्रॉनचा बीएसआय मोनो, दोन्ही बसतात आणि दोन्ही त्या रंगीत २० मेगापिक्सेलपेक्षा तुमच्या कामाला खूप चांगले. मला विचाराल तर दुसरा, बीएसआय असल्यामुळे. खरे सायंटिफिक सीमॉस दहा लाखांच्या पुढे जातात, तुमचे आकडे बघता त्याची गरज नाही. रोलिंग शटरची (सेन्सर ओळीओळीने टिपतो त्याची) चिंता सोडा, तुमचे छेद हलत नाहीत.

छोट्या पिक्सेलला ०.५ एक्सचा सी-माउंट अ‍ॅडॅप्टर लावायचा. सेन्सरवरची प्रतिमा निम्मी होते, तेवढ्याच जागेत चौपट प्रकाश येतो, आणि लागणारा पिक्सेल ८ वरून ४ मायक्रॉनवर येतो, म्हणजे ३.७६ एकदम नेमका बसतो. पिक्सेलमागे प्रकाशही तुमच्या जुन्यापेक्षा कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा, आणि बँडपासचेही.

सॉफ्टवेअरसाठी ऑर्डर द्यायच्या आधी मायक्रो-मॅनेजरच्या यादीत तो कॅमेरा आहे का बघा, फुकट आहे आणि मायक्रोस्कोपचंच आहे. फाइल १६ बिट टिफमध्येच. जेपीईजी चुकूनही नाही, आठ बिट होतं, गॅमा लागतो, आणि तुमचा ३० आणि २२ मधला फरक तिथेच पुसला जातो. स्क्रीनवर अंधारं दिसलं तर डिस्प्लेचा कॉन्ट्रास्ट ओढा, डेटाला हात लावू नका.

आणि कॅमेरा कितीही चांगला आला तरी यूव्हीचा दिवा मर्क्युरीचा असेल तर तो तासागणिक मंद होत जातो, दोनशे-तीनशे तासांत बदलायला येतो. जानेवारीचं पान आणि एप्रिलचं पान सरळ सरळ तुलना केलं तर तुम्ही रोगाऐवजी दिवा मोजाल. चमकणाऱ्या प्लॅस्टिकची एक रेफरन्स स्लाइड मिळते, कामाला बसायच्या आधी रोज तिचा त्याच एक्स्पोजरला एक फोटो घ्या आणि सगळे आकडे त्याने भागा. सोबत रिकाम्या जागेचा फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा फोटो) आणि त्याच एक्स्पोजरचे काही डार्कही. नवीन कॅमेरा आला की परत ती दोन फोटोंची वजाबाकी करून गेन आणि रीड नॉइज काढा, डेटाशीटशी जुळवा, आणि जुळलं नाही तर बिल पास करायच्या आधी सप्लायरला बोलवा.

संत्रापान

दिवा मर्क्युरीचाच आहे आणि त्याचे तास कोणी लिहून ठेवलेले नाहीत, आजपासून रजिस्टर चालू करते. स्पेसिफिकेशन उद्या मॅडमना दाखवून स्टोअरला देते, डेमो ठरला की दोन्ही कॅमेऱ्यांचे आकडे इथे टाकीन.